पहिले पाच दाब

ॲक्रन, ओहायो
१४ नोव्हेंबर १९८३

स्वस्ति श्री हिमप्रदेशाधीश्वरी, पीतशकटसारथ्यधुरंधरा, चतुर्थबसमार्गस्वामिनी, एकोणीस हिवाळ्यांत एकही फेरी न चुकविलेली, अस्वल-हरिण-मुख्याध्यापक-भयविवर्जिता, वेलचीपावप्रदायिनी, वयाने आमच्याहून तीन महिन्यांनी व जिभेने तीन शतकांनी ज्येष्ठ अशी मावसभगिनी आयली लाम्पिनेन हिच्या चरणी (उजव्या चरणी प्रत्यक्ष व डाव्या चरणी रबरद्वारा) हॅलोवे रबर कंपनीच्या गतिक परीक्षणशाळेचा अधिपती, तळघरनिवासी, एकसेवकपरिवृत ऑर्व्हिल स्टटलर याचे दंडवत.

तुझे पत्र व पुडी पोचली. पुडीतून निघालेला बुचाएवढा काळा रबरी ठोकळा पाहून डेलोरिस म्हणाली, "अगबाई, ही कुणाची दाढ?" डेलोरिस म्हणजे माझा उपरोक्त एकमेव सेवकवर्ग, गेली बावीस वर्षे ती मलाच सेवक समजत आली आहे. मी म्हटले, ही माझ्या बहिणीची टाच आहे. ती गप्प झाली. हा योग वर्षातून एखादाच येतो.

तुझे म्हणणे मला उमगले ते असे. एप्रिलमध्ये दिराच्या करवतगिरणीत ओंडका घसरला आणि तुझे डावे पाऊल गेले. नवे पाऊल बसविले. त्याच्या घोट्यात, टाचेच्या बाजूला, हा ठोकळा असतो. टाच टेकताच त्याने दबावे, म्हणजे पाऊल अलगद सपाट व्हावे, अशी योजना. तो दबत नाही तेव्हा पाऊल ताठ राहते आणि गुडघ्याला मागून ढुशी देते. नऊ जानेवारीला शाळामंडळाचा परीक्षक येणार. त्याच्यासमक्ष पहाटे बसभोवती एक पूर्ण फेरी, पायऱ्या चढणे, उतरणे आणि मुलाच्या वजनाचे पोते मागच्या दाराने बाहेर काढणे, एवढे घड्याळ लावून करून दाखवायचे. जमले नाही तर चार नंबरचा मार्ग कायमचा दुसऱ्याकडे. हे शेवटचे वाक्य तू इतक्या बारीक अक्षरात लिहिले आहेस की मला भिंग घ्यावे लागले.

भिऊ नकोस. रबराचा स्वभाव मी तीस वर्षे अभ्यासिला आहे. तो अर्धा स्प्रिंग आणि अर्धा मध आहे. त्यास दाबण्यासाठी जे बळ आपण खर्च करतो त्यातले काही तो तत्काळ परत देतो. उरलेले स्वतःपाशी ठेवून उष्णतेच्या रूपाने उधळतो. शिवाय त्याच्या लेखी घाई आणि थंडी या एकच आपत्ती: गारठला तरी ताठतो, एकाएकी धक्का दिला तरी ताठतो. माझ्या ओळखीचे तीन व्यवस्थापक नेमके असेच आहेत. तू पाठविलेला हा जोडीचा दुसरा ठोकळा मी आमच्या यंत्रात घालीन, शीतपेटीत गोठवीन, चालीच्या तालावर दाबीन आणि सत्य वदवून घेईन.

तुझा,
ऑर्व्हिल


टॅमरॅक लेक, मिनेसोटा
२५ नोव्हेंबर १९८३

ऑर्व्हिल,

तुझ्या पदव्या तुझ्या मेव्हण्याने, टोइव्होने, मोठ्याने वाचल्या. कुत्रा उठून बाहेर गेला. बाहेर शून्याखाली बारा होतं, तरी गेला.

पाय बनवणारा माणूस म्हणतो, "सवय होईल, बाई." सवय मला कशाची नाही? उणे तीसमध्ये बसचं इंजिन जागं करायची सवय आहे, एकतीस पोरांच्या ओल्या मोज्यांच्या वासाची आहे. ह्या लाकडाची मात्र होत नाहीये. हो, लाकूडच. पहाटे तो ठोकळा रबर नसतोच. टाच टेकते, पाऊल खाली येत नाही, आणि गुडघा पुढे पळतो. जणू मागून कुणी म्हणतंय, "चला बाई, सरका पुढे."

सध्या माझी बस रे लुंडीन चालवतो. माणूस वाईट नाही, पण काळ्या पीट-मातीच्या दलदलीपाशी हॉर्न देत नाही. तिथे जोहानसनांची धाकटी रस्त्याच्या अगदी कडेला उभी असते. मी एकोणीस वर्षं तिथे हॉर्न दिलाय.

तेव्हा सत्य वगैरे वदवशील ते नऊ जानेवारीच्या आत वदव.

आयली

पावात वेलची जास्त झालीय. टोइव्होने कुटली.


ॲक्रन
१९ डिसेंबर १९८३

श्रीमत्सकलगुणालंकृत, दलदलशंखनादिनी, काष्ठपादविजिगीषू भगिनीप्रत,

निकाल लागला. आरोपी निर्दोष आहे.

तुझा ठोकळा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत गोठविला. मिनिटाला साठ या वेगाने, म्हणजे सामान्य स्त्रीच्या चालीने, दाबला. (डेलोरिसचे म्हणणे की बस गाठणारी स्त्री नव्वदने चालते; मी म्हटले, ही बस गाठत नाही, ही बस आहे.) आमच्या व्यवसायाच्या सनातन नेमाप्रमाणे प्रत्येक परीक्षेतले पहिले पाच दाब मोजणीतून वगळले. पहिले धिरडे तव्याचे, खाणाऱ्याचे नव्हे. तसे रबराचे पहिले पाच दाब कुणीच धरत नाही. सहाव्यापासून ते खरे बोलू लागते. आणि सहाव्यापासून तुझा ठोकळा, भगिनी, लोण्यासारखा वागतो. उन्हाळ्यातल्या लोण्यासारखा नव्हे. परंतु फ्रिजमधून काढून पाच मिनिटे झालेल्या लोण्यासारखा खास.

तात्पर्य, दोष रबरात नाही. लहानपणी तळ्याच्या पातळ बर्फावर प्रथम पाऊल तू टाकीत होतीस आणि मी काठावर उभा राहून बर्फाच्या जाडीविषयी व्याख्यान देत होतो, हे स्मरून लिहितो: अपघातानंतर भय गुडघ्यात घर करते. विश्वासाने पाऊल टाक, पाऊल सपाट होईल. आलेखाची प्रत सोबत जोडली आहे. ती परीक्षकासही दाखव. त्याच्यावर छाप पडेल.

विजयवार्तेच्या प्रतीक्षेत,
ऑर्व्हिल


टॅमरॅक लेक
१२ जानेवारी १९८४

ऑर्व्हिल,

आलेख मिळाला. सुबक आहे.

परीक्षा पुढे गेली. आता तेरा मार्चला. परीक्षकाला काहीतरी अडचण आली. इकडे थंडी फार आहे. मावशीच्या गुडघ्यांना कसं आहे ते कळव. डेलोरिसला नमस्कार.

आयली

ता. क. पाकीट मी टपालात टाकतो म्हणून लिहितोय. अडचण परीक्षकाला आली नाही. ती पडली. तिसऱ्या पावलाला. सांगू नको म्हणाली आहे. तुझा कागद तिच्या खिशात होता. टोइव्हो


ॲक्रन
२० जानेवारी १९८४

आयली,

आज पदव्या नाहीत.

टोइव्होवर रागावू नकोस. तुमच्या लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत त्याने मला लिहिलेला हा पहिलाच मजकूर, आणि त्यात एक शब्दही वावगा नाही.

मी तुला भित्री म्हटले. इतक्या सरळ शब्दांत नव्हे. परंतु अलंकार काढून टाकले तर उरते तेवढेच. मी आकडे पाहिले आणि तुझ्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवला. कुठे चुकलो ते मला अजून उमगलेले नाही. आलेख चार वेळा तपासला. तो बरोबर आहे. आणि तू पडलीस, तेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच जगात कशा नांदतात ते मला शोधायचे आहे, आणि ते तुझ्यावाचून सापडणार नाही.

जे कुणी विचारले नाही ते सांग. कुठल्या पावलाला काय होते? केव्हा होत नाही? कितीही क्षुल्लक वाटले तरी लिही. शिव्याही लिही.

ऑर्व्हिल


टॅमरॅक लेक
३१ जानेवारी १९८४

ऑर्व्हिल,

शिव्या आईच्या भाषेत दिल्या. तुला अर्ध्याच कळल्या असत्या, म्हणून त्या लिहीत नाही.

दहा दिवस तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. राग पडल्याचा नव्हता; मी बर्फावर आयुष्यभर पडत आलेय. त्या ग्रोव्हने, म्हणजे परीक्षकाने, मला हात देऊन उठवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घाबरलात का, बाई?" खिशात तुझा कागद होता, त्यावरही तेच. दोन पुरुष, एकच निदान, आणि पाय माझा.

आता ऐक. विचारलं आहेस म्हणून सांगते.

घरातून निघाले की पहिली पाच-सहा पावलं पाय परका असतो. ताठ, हट्टी, सावत्र. सातव्या-आठव्या पावलाला काहीतरी सैल होतं, आणि मग तो माझा. तळ्यापर्यंत चालत गेले तर परत येईपर्यंत मी नाचूही शकते. नाताळात नाचलेही, टोइव्होला विचार, त्याच्या पायावर नाचले. पण तासभर खुर्चीत बसले की उठताना पुन्हा परका. पहाटे गारठ्यात तर विचारूच नकोस.

आणि माझं काम काय आहे, ऑर्व्हिल? बसायचं. वीस मैल बसायचं, मग उतरायचं. चार पावलं. दार बघायचं, दिवा पुसायचा, एखाद्या पोराची अडकलेली पिशवी सोडवायची. चार पावलं परत. पुन्हा बसायचं. सातवं पाऊल येतच नाही. माझी अख्खी नोकरी पहिल्या पाच पावलांत आहे.

तुझ्या कागदावर ती नव्हती का?

आयली


ॲक्रन
९ फेब्रुवारी १९८४

प्रत्यक्षप्रमाणैकनिष्ठा, आलेखगर्वहारिणी, गुरुस्थानी भगिनीप्रत अपराधी शिष्याचा साष्टांग.

नव्हती. ती पावले माझ्या कागदावर नव्हती, कारण मीच ती कापून टाकली होती.

तुझे पत्र मी उभ्यानेच वाचले आणि "पाच" या शब्दाशी थबकलो. डेलोरिस कॉफी ओतीत होती. आमचा संवाद जसा झाला तसा देतो.

"डेलोरिस, पहिल्या पाच दाबांच्या कापलेल्या आलेखपट्ट्या कुठे असतात?"

"कुठे म्हणजे? तू फेक म्हणतोस."

"मग फेकल्यास?"

"एवढा गुळगुळीत कागद कुणी फेकतं होय? खणात अंथरते."

"कुठल्या खणात?"

"चमच्यांच्या. हलू नकोस, मी काढते. तू सगळं विस्कटशील."

चमचे, काटे आणि बार्बर्टनच्या कोंबडीखानावळीतून वर्षानुवर्षे आलेली मिठाची पाकिटे दूर सारल्यावर खाली तेरा डिसेंबरची पट्टी निघाली, तिच्यावर तिखट भाताचा एक डाग. पहिल्या दाबाला तुझा ठोकळा सहाव्यापेक्षा जवळजवळ तिप्पट ताठ. दुसऱ्याला दुप्पट. तिसऱ्याला, ज्या पावलाला तू पडलीस त्याला, दीडपटीहून अधिक. पाचव्यापर्यंत निवळत जातो, आणि सहाव्याला तो लोण्याचा गोळा, ज्याची मी स्तुती गायिली.

मग मी तोच ठोकळा पुन्हा काढला. कपाटात दोन महिने पडून होता. पुन्हा परका झालेला. दाबून सैल केला, शीतपेटीत तासभर विसावू दिला. पुन्हा बराचसा परका. तू जे लिहिलेस तेच यंत्राने अक्षरशः लिहून दिले, फक्त शिव्या वगळून.

कारण सांगतो. रबर बळकट व्हावे म्हणून त्यात काजळी घालतात. काजळीचे कण गर्दीत एकमेकांचे हात धरतात आणि आतल्या आत एक जाळे विणतात. पहिले दाब ते हात सोडवितात. विश्रांती मिळाली की ते पुन्हा हात धरतात, आणि थंडीत तर घट्ट धरतात. टायर लाखो वेळा वळतो; त्याचे पहिले पाच वळसे खुशाल फेकावेत. आम्ही सारे टायरवाल्यांची लेकरे. जग अखंड फिरत राहते असे धरून चालतो. जो मनुष्य दिवसातून चाळीस वेळा नव्यानेच चालू लागतो, त्याच्यासाठी आमच्याकडे खणच होता, चमच्यांचा.

आता दोन गोष्टी. पहिली तात्कालिक: कुठेही निघण्यापूर्वी दाराला किंवा बसच्या दांडीला धरून उभी राहा आणि पाऊल न उचलता टाचेवर पाच वेळा भार दे. पाच नमस्कार समज. मग चाल.

दुसरी: दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डेलोरिस आणि मी नवे रबर मळून दोन ठोकळे साच्यात शिजविले आहेत. "अ" यात काजळी अत्यल्प. "ब" यात त्याहून किंचित अधिक. दोन्ही थंडीला दाद न देणाऱ्या जातीचे. पाय बनविणाऱ्याला सांगून आलटून पालटून बसव आणि खरे ते लिही. या खेपेस आलेख जोडलेला नाही. आलेख तू पाठवायचा आहेस.

ऑर्व्हिल


टॅमरॅक लेक
२४ फेब्रुवारी १९८४

ऑर्व्हिल,

"अ" बसवून दुकानात गेले. पहिल्या पावलापासून मऊ, हे कबूल. पण टाच टेकली की पाऊल धाडकन खाली, आणि उचललं की टुणकन वर. थप, टुण, थप, टुण. कॅशवरची मुलगी म्हणाली, "मिसेस लाम्पिनेन, आज फार खुशीत दिसताय." बर्फाच्या फावड्यांपर्यंत मी बदक होते, तिथून पुढे चेंडू. "अ" परत पाठवतेय. कुत्र्याला द्यायचा विचार होता, पण तो तुझ्याकडून आलेलं काही घेत नाही.

"ब" चार दिवस घातलाय. ऑर्व्हिल, काल पहाटे शून्याखाली अठरा होतं. मी अंगणात उतरले आणि तीन पावलं गेल्यावर लक्षात आलं की मी पायाचा विचारच करत नव्हते. लाकूडफाट्याचा विचार करत होते. तशीच उभी राहिले. टोइव्हो खिडकीतून बघत होता, त्याला वाटलं अडकले. बाहेर येऊन म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "बरं." आणि मग तोही तिथेच उभा राहिला.

अजून दोन-तीन नमस्कार लागतात. न घालता निघाले तर पहिलं पाऊल थोडं कुरकुरतं. तेही काढता येईल का?

आयली


ॲक्रन
२ मार्च १९८४

अंगणविहारिणी भगिनीप्रत,

येणार नाही. कबुली मोकळ्या मनाने देतो, कारण तीस वर्षांत प्रथमच मला माझ्या अज्ञानाची नेमकी लांबी ठाऊक झाली आहे: तीन दाब.

"अ" हा फार सालस निघाला. दिलेले सारे जिथल्या तिथे परत करतो, म्हणून पाऊल उसळते. पावलासाठी रबराने थोडे स्वतःपाशी ठेवून घ्यायला हवे. ते ठेवून घेण्याचे काम काजळी करते, आणि काजळी आली की ते हात धरणे आलेच. "ब" हा या दोहोंतला तह आहे. याहून चांगला तह घालायला माझ्याहून शहाणा मनुष्य लागेल. तो जन्मेपर्यंत तेरा मार्च थांबणार नाही.

म्हणून आज्ञावजा विनंती. परीक्षकासमोर तीन नमस्कार घाल. लपवून नव्हे, उघड. लाजू नकोस, आम्ही हे रोज करतो आणि त्यास शास्त्र म्हणतो. डेलोरिस तिच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावणार आहे. तिने विचारले, "डाव्या पायाचा संत कोण?" मला माहीत नव्हते. तिने सर्वांनाच एक सामाईक लावायचे ठरविले आहे.

आमच्या परीक्षणशाळेत नवा नेमही लागला आहे: पहिले पाच दाब वेगळ्या वहीत नोंदवावेत. चमच्यांचा खण आता उघडा पडला आहे, आणि त्याबद्दल मला रोज ऐकून घ्यावे लागते.

ऑर्व्हिल


टॅमरॅक लेक
१५ मार्च १९८४

स्वस्ति श्री रबरचक्रवर्ती, तळघरसम्राट, काजळीमर्दन, चमच्यांच्या खणाचा शोधकर्ता, तीन दाबांनी अज्ञानी व बाकी सर्व बाबतींत डेलोरिसच्या आज्ञेत असलेला मावसभाऊ ऑर्व्हिल स्टटलर यास, चतुर्थबसमार्गस्वामिनीचा आशीर्वाद.

वाचलंस ना? चतुर्थबसमार्गस्वामिनी. येत्या सोमवारपासून.

पहाटे शून्याखाली चार. ग्रोव्ह हातात घड्याळ घेऊन उभा. रे लुंडीनने बस आणून लावली आणि तिथेच थांबला, म्हणाला, "आयली, मला त्या दलदलीच्या रस्त्यातून सोडव." मी बसमध्ये चालकाच्या जागी वीस मिनिटं मुद्दाम बसून राहिले. ग्रोव्हला वाटलं, देवाचं नाव घेतेय. मी पाय गारठवत होते. म्हटलं, परीक्षा द्यायची तर खरीच.

मग उतरले, आरशाची दांडी धरली आणि टाचेवर भार दिला. एक.

"हे काय चाललंय?" ग्रोव्ह म्हणाला.

"पहिले तीन धरत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"ॲक्रन." दोन.

त्याने थोडा विचार केला. चांगला माणूस आहे, जानेवारीत मला उगीच राग आला होता. म्हणाला, "तीन झाले की सांगा. घड्याळ तेव्हा लावतो."

"तीन."

पूर्ण फेरी. आठही दिवे, सहाही चाकं. पायऱ्या चढले, पोतं उचललं, मागच्या दाराने खाली उतरवलं, आणि त्या भरात पार्किंगच्या टोकापर्यंत घेऊन गेले. ग्रोव्ह मागून ओरडत होता, "बाई, ठेवा ते आता! झालं! ठेवा!" वेळ काय लागला ते मी विचारलं नाही. कागदावर सही होती.

रेने हॉर्न दिला. देता येतो त्याला.

येताना दलदलीपाशी टोइव्होने गाडी थांबवली आणि बराच वेळ समोरच्या काचेतून बघत बसला. मी म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही." मी म्हटलं, "बरं."

तुझा जुना आलेख मी फेकलेला नाही. चमच्यांच्या खणात अंथरलाय.

आता एक किरकोळ तक्रार. "ब" हा बाहेरच्या थंडीत अगदी गप्प असतो, पण उबेत आला की चूं करतो. प्रत्येक पावलाला. घरात रेडिओ लावते. पण चर्चमध्ये प्रसाद घ्यायला मी बाराव्या बाकावरून निघते आणि वेदीपर्यंत चूं, चूं, चूं; परत येताना पुन्हा तेवढंच. पास्टर वाक्य अर्ध्यावर तोडून थांबतात, मी बसले की पुढे बोलतात. तेल लावू का? पाय बनवणारा म्हणतो तेलाने रबर फुगतं. साबण लावून पाहिला, चूंचं च्यूं झालं. शंखजिरं टाकलं तर काळ्या मोज्यावर सगळं पांढरं. तुझ्या यंत्रात हे दिसलं नव्हतं का?

आयली

ता. क. चूं खरंच येतं. मी प्रवचनात झोपतो, आता झोपमोड होते. लवकर कळव. टोइव्हो